मैत्रीण बायपोलर आहे, आमचं कॅज्युअल आहे. तिचा होकार कधी धरायचा आणि कधी नाही?

अधलामधला:

लांबलचक आहे, सांभाळून घ्या. लेक्चर द्यायला येणार असाल तर प्लीज दुसरा धागा बघा.

मी ३२, ती ३०. बरीच वर्षं चांगले मित्र आहोत आणि वर्षभर मैत्रीच्या पुढचंही चालू आहे. म्हणजे रिलेशनशिप नाही, दोघांनाही नकोय, तसं नीट बोलूनच सुरू केलं होतं, एफडब्ल्यूबी (फ्रेंड्स विथ बेनिफिट्स) म्हणतात ते. तिला बायपोलर आहे, टाइप वन, म्हणजे मूड काही काळ फार वर जातो (मॅनिया) आणि काही काळ फार खाली (डिप्रेशन). हे मला आधीपासून माहितीये, तिनेच सांगितलेलं. गोळ्या चालू आहेत, सायकियाट्रिस्टकडे रेग्युलर जाते, नोकरी व्यवस्थित करते, आणि खरं सांगू का आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात शहाणी तीच आहे, बाकीचे आम्ही असेच.

तर गेल्या महिन्यात तिची गाडी वर सरकायला लागली. रात्री तीनला भलीमोठी व्हॉइस नोट, त्यात आधी ऑफिसमधलं राजकारण, मग तिला जर्मन शिकायचंय, मग मी तिला किती आवडतो, मग परत ऑफिस, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. सकाळी सातला परत फ्रेश. केस एकदम बारीक कापून आली (छान दिसत होते, तो मुद्दा नाही). आणि मग एका संध्याकाळी घरी आली ती एकदम त्याच मूडमध्ये. एरवी पुढाकार बहुतेक वेळा माझा असतो, त्या दिवशी ती ऐकायलाच तयार नव्हती. मी म्हटलं आज नको, तू झोपलेली वाटत नाहीयेस. झालं. "तू मित्र आहेस का वॉचमन? माझ्या हो ला आता डॉक्टरचं सर्टिफिकेट आणू का?" असं म्हणाली आणि दार आपटून गेली.

नंतर तिच्या बहिणीने डॉक्टरकडे नेलं, औषधं बदलली, आणि आता गाडी खाली आहे. मेसेज वाचते, उत्तर देत नाही, फार तर "ह्म्म".

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. तिचा साधा चांगला मूड आणि हे वर जाणं यातला फरक मी ओळखायचा कसा, कारण आनंदी दिसली की लगेच संशय घ्यायचा हे मलाच घाण वाटतं. दुसरं म्हणजे तिच्या होकाराला अटी लावणारा मी कोण? आणि आता जी गप्प आहे तिथे जायचं का, आणि गेलो तर कोण म्हणून जायचं?

सुतळीबॉम्ब:

भाऊ, कॅज्युअल म्हणजे डोक्याला ताप नको म्हणून असतं ना? इथे तर नवऱ्याइतका ताप आहे. निघ बाहेर.

पारिजात_८८:

सुतळी, त्याने निघू का असं विचारलेलंच नाहीये.

अधलामधला, मला स्वतःला बायपोलर वन आहे, निदान विशीत झालं, त्यामुळे मी तुझ्या मैत्रिणीच्या बाजूने बोलतेय असं समज, पण तुला बरं वाटेल असंच सगळं बोलेन याची गॅरंटी नाही.

आधी हे, की त्या दिवशी नको म्हणालास ते बरोबर केलंस. मॅनियात सेक्सची इच्छा बेफाम वाढणं हे आजाराचंच लक्षण आहे, पण यावर कोणी बोलत नाही, कारण डॉक्टरसमोर शेजारी आई बसलेली असते. उधळपट्टी सांगता येते, रात्रभर जागून घर आवरलं ते हसत हसत सांगता येतं, हे सांगता येत नाही. त्या वेळी आतून कसं वाटतं तर आजारी अजिबात वाटत नाही, उलट आयुष्यात पहिल्यांदा आपण खरे आपण झालोय असं वाटतं आणि समोरचा जो कोणी थांब म्हणतो तो मत्सरी, घाबरट, बुरसटलेला वाटतो. म्हणून वॉचमन. ते फार मनाला लावून घेऊ नकोस, पण अगदी सोडूनही देऊ नकोस, कारण त्यात थोडं तथ्य आहे, त्यावर येते.

एपिसोड संपला की हिशोब सुरू होतो. कोणाशी काय बोललो, कोणाला काय पाठवलं, कोणाकडे गेलो. काही आठवतं, काही लोक आठवण करून देतात. त्या हिशोबात ज्या माणसाने माझ्या त्या अवस्थेचा फायदा घेतला नाही त्याचं नाव वेगळ्या कॉलममध्ये जातं. आत्ता ती तुला ह्म्म म्हणतेय त्यात राग कमी आणि लाज जास्त असण्याची शक्यता मला तरी वाटते. चुकतही असेन.

आता वॉचमनचं. "तू झोपलेली वाटत नाहीयेस" हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकतो. आईकडून, बहिणीकडून, बॉसकडून. रागावले की "गोळी घेतलीस का", हसले की "जरा जास्त होतंय का". तेच तुझ्या तोंडून ऐकलं की जो एक माणूस आपल्याला पेशंट समजत नव्हता तोही गेला असं वाटतं. नकार तिच्या तब्येतीवर ढकलायची गरजच नव्हती रे. "मला आज नाही करायचं, चहा टाकतो, बस" एवढं पुरतं. तुझा नकार हा तुझा आहे, त्याला तिच्या आजाराचं कारण कशाला जोडायचं? तुला अनकम्फर्टेबल वाटत होतं ना, मग तेच सांगायचं.

आणि अटी कोणी लावायच्या तर तिने, ती सपाटीवर असताना. माझं माझ्या माणसांशी ठरलेलं आहे की सलग तीन रात्री माझी झोप पाच तासांच्या खाली गेली आणि तरी मी टवटवीत असेन, तर नवीन माणूस नाही, मोठी खरेदी नाही, राजीनामा नाही. हे मीच लिहून दिलंय. त्यामुळे कोणी अडवलं की तो माझ्यावर सत्ता गाजवत नसतो, माझंच म्हणणं मला वाचून दाखवत असतो. तरी मी भांडते ती गोष्ट वेगळी.

रात्रपाळी:

मी सायकियाट्रीच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलंय त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं लिहिते. इथे वाचून कोणाचं निदान करू नका, फक्त कशाकडे बघायचं ते सांगते.

आनंदाकडे नका बघू, झोपेकडे बघा. म्हणजे झोप येत नाहीये म्हणून वैतागलेला माणूस वेगळा, त्याला दुसऱ्या दिवशी थकवा असतो. मॅनियाकडे जाणाऱ्याला झोपेची गरजच कमी होते, तीन तास झोपून तो तुमच्याआधी उठून तयार असतो. त्याच्या जोडीला बोलण्याचा वेग, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी, मध्ये कोणी बोललं तर चिडणं, पैसे, अचानक मोठे प्लॅन, आणि जवळच्या दोनतीन लोकांना एकाच वेळी "ही नेहमीसारखी नाहीये" असं वाटणं. प्रमोशन मिळालं म्हणून नाचणारी आणि रात्री घोरत झोपणारी बाई ही फक्त खूश आहे, तिला खूश राहू द्या. डॉक्टर लोक साधारणपणे असं चार दिवस सलग राहिलं तर हायपोमॅनिया, म्हणजे मॅनियाचाच सौम्य प्रकार, धरतात आणि आठवडाभर राहिलं किंवा ॲडमिट करायची वेळ आली तर मॅनिया. आणि सगळ्यांचा मॅनिया आनंदी नसतो हेही लक्षात असू द्या, काहींचा नुसता चिडचिडीचा असतो, काहींमध्ये वरचं खालचं एकत्रच येतं, डोकं पळतंय आणि मन मेलंय असं, ते सगळ्यात वाईट.

झोप बिघडणं लक्षण पण असतं आणि कारण पण. म्हणून तुमच्या दोघांच्या भेटी जर रात्री उशिरापर्यंत जागून आणि दारू पिऊन होत असतील तर ते बदला हे आधी सांगेन. तुम्ही प्रत्यक्ष करू शकता अशी मदत हीच, की तिला अकराला घरी जाऊ द्या. किंवा तिथेच झोपू द्या, पण झोपू द्या!

अजून एक, हे कोणी विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. ती कुठल्या गोळ्या घेते ते मला माहीत नाही पण मूड स्टॅबिलायझर (मूड वरखाली होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या) आणि गर्भनिरोधक यांचं आपापसात बरंच काही चालतं. कार्बामाझेपिन असेल तर हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, दुसऱ्या दिवशी घ्यायच्या इमर्जन्सी गोळीचासुद्धा. कॉपर टीला काही होत नाही. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे, इस्ट्रोजेन असलेली गोळी सुरू केली की रक्तातलं लॅमोट्रिजिन निम्म्यापर्यंत उतरू शकतं आणि मग मूड ढासळला की सगळे कारण शोधत बसतात. व्हॅल्प्रोएट तर गरोदरपणात फारच धोक्याचं, साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात मोठा दोष सापडतो, शिवाय मुलाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो तो वेगळा, म्हणून पक्कं गर्भनिरोधन असल्याशिवाय मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देणं टाळतात. लिथियम असेल तर त्याची रक्तातली पातळी फार अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर, आणि अंग दुखतंय म्हणून तुमच्याकडची आयबुप्रोफेन सहज दिलीत तरी ती पातळी चढू शकते. पॅरासिटामॉल चालतं. यातलं काहीही वाचून गोळी बंद करायची नाही, बदलायची नाही, तिने तिच्या सायकियाट्रिस्टला आणि गायनॅकला दोघांनाही सगळी यादी दाखवायची, कारण हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि कंडोम तुमच्या बाजूने कायम. चिडून गेली त्यानंतरच्या दिवसांत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही, पण लैंगिक आजारांच्या टेस्ट तुम्ही दोघांनी करून घ्यायला काही हरकत नाही. "आपण दोघं करूया" असं म्हटलं तर त्यात आरोप राहत नाही.

सरळसोट:

मला हे सगळं झोप मोजणं वगैरे जरा धूळफेक वाटते. मॅनियात असलेला माणूस संमती देऊ शकत नाही. विषय संपला. दारू पिऊन तर्र झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत आपण हेच म्हणतो ना?

पारिजात_८८:

पूर्ण मॅनियात आहे तेव्हा बरोबर आहे तुमचं, त्यावर माझा वाद नाही. पण विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो. दारू प्यायलेला माणूस निदान ग्लास हातात घेऊन बसलेला दिसतो. माझं वर जाणं काही दिवस चालतं आणि त्या चढावर नक्की कुठे माझा होकार बाद झाला हे मलाही सांगता येत नाही, तुम्हाला काय सांगता येणार. आणि तुमच्यासारखा सरळ नियम करणारे लोक पुढे हळूच तो नियम वर्षभर लावायला लागतात. बायपोलर आहे ना, मग हिचं काही धरायचं नाही. मी वर्षातले बहुतेक महिने तुमच्याइतकीच धड असते. त्या महिन्यांत माझा हो हा हो आहे आणि तो कोणी दोनदा तपासलेला मला चालणार नाही.

शंका आली की थांबायचं, एवढं मान्य. जिला खरंच हवंय तिला ते दोन आठवड्यांनी पण हवं असतं.

सरळसोट:

ठीक, हे पटलं. वर्षभर लावायचा नियम मी म्हणत नव्हतो पण लोक तसं करतात हे खरंय.

जुना_खेळाडू:

मी अशाच नात्यात होतो, आमचं दोनेक वर्षं चाललं, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

कॅज्युअलचा करार काय असतो, तर कोणी कोणाची जबाबदारी नाही. मैत्रीचा करार बरोबर उलटा. एरवी दोन्ही एकाच वेळी चालून जातं कारण परीक्षेची वेळच येत नाही. इथे ती येते. ती वर असते तेव्हा तू एकटा ब्रेक, ती खाली असते तेव्हा तू एकटा इंजिन, आणि मधल्या काळात तू "आपलं काही सिरियस नाही हां" म्हणणारा. माझ्या बाबतीत हळूहळू असं झालं की तिच्या डॉक्टरच्या तारखा मला पाठ आणि तिच्या वाढदिवसाला मी कोण म्हणून जायचं ते मला माहीत नाही. तेव्हा तू आत्ता बसून ठरव की एकमेकांबरोबर झोपायचं उद्यापासून बंद झालं तर तू तिला भेटायला जाशील का. हो असेल तर तू मित्र आहेस, मित्र म्हणून जा, बिनधास्त. नाही असेल तरी वाईट माणूस नाहीस तू, पण मग आत्ता जाऊ नकोस, कारण खाली असलेल्या माणसाला अर्ध्या मनाने आलेला पाहुणा लगेच ओळखू येतो.

आणि गेलास तर शरीराचा विषय पूर्ण बंद, हिंट पण नाही. डिप्रेशनमध्ये इच्छा मरते, वर औषधांनी अजून कमी होते, काही अँटीसायकॉटिक गोळ्यांनी तर हार्मोन बदलून पाळी पण बिघडते. मागच्या महिन्यात एवढी मागे लागलेली आणि आता हात पण लागू देत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी, हा विचार मी फार केला. निष्कारण. दोन्हीचा माझ्याशी संबंध थोडाच होता. हे पचायला जरा जड जातं, कारण मागे लागलेली असते तेव्हा आपण भाव खाऊन घेतलेला असतो.

जाऊन करायचं काय, तर काही नाही. "चल बाहेर जाऊ, बरं वाटेल" नाही. "काय झालंय सांग" नाही. मी माझा लॅपटॉप घेऊन जायचो आणि तिथे बसून माझं काम करायचो. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कधीतरी तासाभराने म्हणायची, तुझ्या कीबोर्डचा आवाज फार होतो. तो दिवस चांगला गेला असं समजायचं.

सुतळीबॉम्ब:

ओके मी माझं वरचं वाक्य मागे घेत नाही पण जुना_खेळाडू यांनी तेच जरा सभ्य भाषेत लिहिलंय असं माझं मत आहे 😄

अधलामधला:

सगळ्यांचे आभार, सुतळीचे पण.

पारिजात, "नकार तुझा आहे" हे डोक्यात बसलं. मी खरंच तिच्या भल्यासाठी बोलतोय असा सूर लावला होता, आणि मला स्वतःला काय वाटत होतं ते बोललोच नाही. मला भीती वाटत होती, एवढं साधं होतं.

जुना_खेळाडू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो आहे, विचार करावा लागला नाही. म्हणून काल मेसेज टाकला, "त्या दिवसाबद्दल आत्ता बोलायचं नाहीये. शनिवारी येऊ का, माझं काम घेऊन बसेन, तू बोलली नाहीस तरी चालेल." चार तासांनी उत्तर आलं, "दार उघडं ठेवेन. उठवू नकोस."

कराराचं, म्हणजे झोप, कोणाला फोन करायचा वगैरे, ते ती बरी झाल्यावर काढेन. आमचं ते दुसरं चालू ठेवायचं की नाही हे मला आज ठरवता येत नाहीये आणि तिलाही आत्ता विचारणं बरोबर नाही, तर ते तसंच राहू दे.

एक शेवटचं विचारतो. तिची बहीण सोडून तिच्या घरी आजाराबद्दल नीट कोणाला माहीत नाही आणि बहिणीला आमच्याबद्दल माहीत नाही. शनिवारी गेल्यावर मला काही गडबड वाटली तर बहिणीला फोन करायचा का? का ते तिच्या पाठीमागे केल्यासारखं होईल?

रात्रपाळी:

गडबड म्हणजे कुठली, त्यावर आहे. अंघोळ नाही, जेवण अर्धवट, बोलत नाही, यासाठी लगेच बहिणीला फोन नको, आधी तिलाच सांगा की मी बहिणीला कळवू का. पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत येऊ का तेही विचारा.

पण ती मरणाबद्दल बोलली, आपण ओझं झालोय असं वारंवार म्हणाली, वस्तू वाटायला लागली, गोळ्या साठवलेल्या दिसल्या, किंवा इतके दिवस निपचित होती आणि अचानक विचित्र शांत झाली, तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" याच शब्दांत. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही, ही लोकांची उगाच भीती आहे, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं वाटतं. बायपोलरमध्ये हा धोका खरा आहे, आणि औषध बदललेलं असताना किंवा अंगात थोडी ताकद परत येते त्या दिवसांत जास्त जपायचं. उत्तर हो आलं तर एकटीला सोडायचं नाही, गोळ्यांचा साठा तिथून हलवायचा, बहिणीला आणि डॉक्टरला तिच्यासमोरच फोन लावायचा, डॉक्टर मिळाले नाहीत तर सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी. तिथे परवानगी मागत बसायचं नाही. चिडेल. चिडू दे.

बहिणीला तुम्ही फक्त मित्र म्हणूनच सांगा. बाकीचं त्या फोनवर कोणाला ऐकायचं नसतं. नंबर शनिवारच्या आधी मिळवून ठेवा, तिथे गेल्यावर तिचा फोन उघडून शोधत बसू नका.

पारिजात_८८:

+१. आणि कीबोर्ड हळू वाजव.